पिठावर जगलेले मासे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माहेरी नाही, नवऱ्याला नाही, मुलींना तर नाहीच नाही. देवापुढे हात जोडून उभी राहते तेव्हाही हा विषय मनात आला की मी घाईघाईने आरती सुरू करते — इतकी मी लबाड आहे. आता सांगते. तुम्ही नुसतं ऐका, मध्ये बोलू नका, आणि ऐकून झाल्यावर माझी समजूत घालू नका. समजूत घालणाऱ्यांचा मला फार राग येतो.

गोष्ट मासे पाळण्याची आहे. हसलात ना? हसा. मीही कितीतरी वर्षं ती हसण्यावारीच नेली.

लग्न होऊन म्हसावदला आले तेव्हा मला सोळावं लागलं होतं. वडील धुळ्याकडे शाळामास्तर, म्हणून मला लिहिता-वाचता येत होतं आणि माझं बोलणं हे असं, पुस्तकी. सासरी सगळी अहिराणी. हे सुरतेला कापसाच्या पेढीवर नोकरीला होते. दिवाळीला यायचे, आखाजीच्या सणाला यायचे, मध्ये कधीतरी चार दिवस. माझ्याशी बोलताना मात्र शाळेतली मराठी बोलायचे, मला बरं वाटावं म्हणून. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. घरात मी, सासरे — त्यांना सगळा गाव आबा म्हणायचा — आणि आबांची थोरली बहीण. तिला आम्ही आत्या म्हणायचो. आत्या ठार बहिरी.

आता तुम्ही म्हणाल, बहिरी असली तर काय झालं? पुष्कळ झालं. त्या काळी आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नसे. डोक्यावरून पदर, नजर खाली, आणि सांगायचं-विचारायचं ते तिसऱ्या माणसाच्या मार्फत. आमच्या घरात तिसरं माणूस म्हणजे आत्या! आबा ओसरीवरून ओरडायचे, "ताई, तिले सांग, सांजले पाहुना येनार शेतस." आत्या समाधानाने मान हलवायची आणि माळ ओढत राहायची. मी स्वयंपाकघरात ऐकलेलंच असायचं, भाकऱ्या वाढवायची. पण माझं उत्तर त्यांच्याकडे कसं जायचं? जायचंच नाही. पहिले सहा महिने त्या घरात मी एक वाक्य धड बोलले नव्हते. गोठ्यातल्या गाईशी बोलायची, तेवढंच.

मग मासे आले.

ह्यांच्या पेढीचे मालक पारशी होते. त्यांच्या बंगल्यात काचेच्या पेटीत लालसर सोनेरी मासे होते, आणि त्यांना पिल्लं झाली म्हणून मालकीणबाईंनी ह्यांना चार दिले, पेटीसकट. रेल्वेने नंदुरबार, तिथून बैलांच्या दमणीत शहादा, मग म्हसावद. माशांचा डबा मांडीवर धरून आणला होता ह्यांनी, धोतर सगळं भिजलेलं. माझ्यासाठी आणला होता खरा, पण वडिलांसमोर तसं म्हणणार कसं? म्हणाले, "आबा, तुमच्यासाठी."

आबांचं तोंड उतरलं. कारण आबांचा नेम होता.

सासूबाई गेल्या त्या वर्षी शहाद्याला एका जैन मुनींचा चातुर्मास होता. आबा शेतकरी माणूस, काही जैन नव्हेत, पण बायको गेल्यावर घरात बसवेना म्हणून रोज ऐकायला जायचे. तिथून नेम घेऊनच आले. जीव मारायचा नाही, कुणाच्या जिवावर जगायचं नाही. पाणी दोनदा गाळल्याशिवाय पोटात घ्यायचं नाही. आणि गाळलं की गाळण्याच्या फडक्यावर जे बारीक जीव राहतात, ते फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्याने तांब्यात उतरवायचे आणि ज्या विहिरीचे त्या विहिरीत परत सोडायचे. त्या पाण्याला जिवाणी म्हणत. वरून ओतायचं नाही बरं का, पडून मरतील. त्यासाठी आबांनी खास तांब्या करून घेतला होता. तोंडाला एक दोरी, बुडाला कडी, तिला दुसरी दोरी. तांब्या अलगद पाण्याला टेकेपर्यंत सोडायचा, मग बुडाची दोरी ओढायची. तो पाण्यातच कलंडतो. दिवसातून दोनदा आबा परसातल्या विहिरीच्या काठावर बसून हे करायचे. आणि इतक्या मायेने करायचे की बघणाऱ्याला हसू येऊ नये.

अशा माणसाच्या घरात कैद केलेले मासे! आबा दोन दिवस त्या पेटीकडे पाठ करून बसले. परत पाठवावेत तर वाटेत मरणार. नदीत सोडावेत तर मोठे मासे खाणार. शेवटी त्यांनी ठरवलं की देवाने धाडलेत तर सांभाळू, पण ह्या घरात जीव खायला मिळणार नाही. कणकेच्या गोळ्या. गव्हाचं पीठ, तेही चाळलेलं.

पेटी ठेवली ओसरीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीतल्या आरपार देवळीत. एका बाजूला आबांची बैठक, दुसऱ्या बाजूला माझी चूल. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी काय झालं सांगू? आबा माशांना म्हणाले, "काय रे, भाजीमा मीठ जास्ती पडनं का आज?"

मी चुलीपाशी थिजले. मग मी पण — कुठून बळ आलं कोण जाणे — माशांनाच म्हटलं, "पडलं खरं. सांजेला कमी घालते."

पलीकडे आबा हसले. मी त्यांचं हसू त्या घरात पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं. मासे मध्ये. आबा त्यांना विचारायचे, "ती जेवनी का?" मी त्यांना सांगायची, "जेवले." "तिना माहेरथून कागद उना शे." "वाचून दाखवू का?" एकदा तर आबांनी माशांना सगळा कापसाचा भाव समजावून दिला आणि शेवटी म्हणाले, "तिले इचारा, इकू का थांबू?" मला विचारलं! घरात आलेल्या सुनेला! मी म्हटलं, थांबा. ते थांबले. आत्या माळ ओढत आमच्याकडे बघायची आणि तिला वाटायचं, दोघंही वेडी झालीत.

तुम्हांला माझी माया कळतेय ना? वडिलांनी मला लिहायला शिकवलं, पण माझं मत विचारलं ते आबांनी. माशांच्या तोंडून का होईना.

आणि मग मासे मरायला लागले.

पिठाने पाणी आंबायचं. गोळ्या तळाशी बसायच्या, त्यांवर पांढरी बुरशी धरायची. मी रोज पाणी बदलायची — गाळलेलंच, अर्थात. ज्या पाण्यात एक जीव नाही असं पाणी. माशांचे रंग उडाले. पोटं फुगली. एक दिवस सकाळी एक उलटा तरंगताना दिसला. आबांनी त्याला तुळशीपाशी पुरलं आणि तीन दिवस ते बोलले नाहीत. माशांशी नाही, म्हणजे माझ्याशीही नाही. उरलेले तीन तळाशी पडून. मी त्या तीन दिवसांत काय विचार केला असेल? हे गेले की मी परत गाईशी बोलायचं. एवढाच केला. माशांची कीव वगैरे मला आली नव्हती, खोटं कशाला सांगू.

त्याच सुमारास आबांचे हात कापायला लागले होते. त्यांनी माशांना सांगितलं, "आते जिवाणी तिनी सोडानी." तो दोन दोऱ्यांचा तांब्या माझ्या हातात आला. त्या घरातली सगळ्यांत मोठी जबाबदारी होती ती. तिजोरीची किल्ली दिली असती तरी आबांना एवढं जड गेलं नसतं.

कापूस वेचणीला सातपुड्यातून बायका खाली यायच्या. त्यांत धडगावकडची एक रुमली होती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, तोंडाने फटकळ, माझी तिच्याशी चांगली गट्टी होती. एका दुपारी ती पाणी प्यायला परसात आली आणि दारातून तिने पेटी पाहिली. त्यास्ले काय देतस म्हणून विचारलं. मी म्हटलं, पीठ. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"नदीमा त्यास्नासाठे पीठ कोन मळस?" म्हणाली.

माझ्या हातात तेव्हा गाळण्याचं फडकं होतं. तिने ते ओढून घेतलं, उन्हात धरलं. ओल्या कापडावर बारीक बारीक ठिपके टुणटुण उडत होते. पाण्यातल्या पिसवा. तिने बोट दाखवलं, बस. पाणी पिऊन शेतात निघून गेली.

मी ते फडकं विहिरीकडे न नेता पेटीत बुडवलं.

अहो, काय सांगू! तळाशी पडलेले तिघे उठले. धावले. पाण्यात नुसता खळबळाट. डोळ्यांदेखत त्यांनी ते ठिपके टिपले, आणि मी तोंडावर पदर धरून बघत राहिले. आनंद झाला मला. आबांनी माझ्या हवाली केलेले जीव मी माशांच्या तोंडी दिले, आणि मला आनंद झाला.

तुम्हांला वाटेल, एकदा घडलं, भावनेच्या भरात. छे. मी ते काम पुढे नीट, शिस्तीत केलं. विहिरीच्या पाण्यात पिसवा थोड्या निघत, तिघांना पुरत नसत. मग मी त्या वाढवायला लागले. गोठ्यामागे तुरीच्या काड्यांच्या आडोशाला एक तोंड फुटलेला रांजण होता. त्यात पेटीतलं जुनं पाणी घालून उन्हात ठेवलं. आठ-दहा दिवसांत हिरवं झालं. चिंधीत शेणाचा गोळा बांधून त्यात सोडला. मग फडक्यावरच्या पिसवा. पहिल्यांदा शेण जास्त झालं — दोन दिवसांत सगळं मेलं आणि अशी घाण सुटली की आत्या, कान नसले तरी नाक शाबूत, काठी टेकत गोठ्यापर्यंत आली. मी खुणेने सांगितलं, तुळशीचं खत. दुसऱ्या वेळी सुपारीएवढंच शेण घातलं. महिन्याभरात सकाळी रांजणात डोकावलं की पाणी आपोआप थरथरतंय असं वाटायचं, इतक्या त्या दाटलेल्या. उन्हं आली की एका कडेला गोळा व्हायच्या; जुन्या लुगड्याच्या तुकड्याने तिथूनच उचलायच्या. मी दुसराही रांजण भरला, म्हणजे एक बिघडला तर दुसरा हाताशी. पावसाळ्यात डासांचे वळवळे व्हायचे. तेही घालायची, गावात हिवताप तरी कमी, अशी वर स्वतःलाच शाबासकी द्यायची.

हुशारच होते मी. वडील म्हणायचेच, पोरगी मुलगा असती तर.

आणि विहिरीवर? विहिरीवर मी रोज दोनदा जायची. तो तांब्या सोडायची. त्यात नुसतं गाळलेलं पाणी, दुसरं काही नाही. आबा ओसरीवरून कान देऊन असायचे ना — तांब्या पाण्याला टेकला, कलंडला, की त्यांच्या तोंडून "हां" असा हलका उद्गार निघायचा. त्या "हां"साठी मी रिकामा तांब्या सहा वर्षं सोडला. तुम्ही मोजा दिवसातून दोनदा किती होतात. मी मोजलेले नाहीत, माझी छाती होत नाही.

मासे तर असे झाले की बघत राहावं. लाल, तांबूस, पाठीवर सोनं. वर्षाने अंडी घातली, पिल्लं जगली. आबांचा आनंद पोटात मावेना. ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून पेटीपाशी आणायचे आणि सांगायचे, निस्त्या पिठावर! जन्मजात जीव खाणारी जात, पण पिठावर राहिली, पिठावर वाढली, पोरंबाळं झाली. जीवाला जीव खावाच लागतो असं कोण म्हणतं? हे त्यांचं लाडकं बोलणं झालं. नेम घेतला होता तेव्हा त्यांना वाटायचं, आपण जगाच्या उलटं काहीतरी करतोय, देह एक दिवस कुरकुर करील. आता माशांनी साक्ष दिली होती. आबा सुखी दिसायला लागले. बायको गेल्यापासून कपाळावर जी आठी होती ती मला नंतर दिसली नाही.

मी पिठाच्या गोळ्याही घालायची, आबांसमोर. मग नंतर मागच्या दाराने जाऊन काढून टाकायची.

इथे थांबले तर ही गोष्ट गोड होईल. एका म्हाताऱ्याच्या समाधानासाठी सुनेने केलेली लबाडी — मुलींना सांगितली असती तर त्या हसल्या असत्या, माझ्या गळ्यात पडल्या असत्या. म्हणूनच सांगितली नाही. कारण अर्धी सांगून थांबणं मला जमलं असतं. मला मी ओळखते.

सातव्या वर्षी आबा आजारी पडले. आधी नुसता थकवा. मग तोंडावरचं रक्तच उतरलं, पिवळट पडले. जीभ लालभडक, सोललेली, जोंधळ्याची पातळ कण्हेरीसुद्धा झोंबायची. पायांना मुंग्या. हे रजा काढून सुरतेहून आले आणि शहाद्याच्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर भला माणूस. त्यांनी नीट तपासलं, नीट सांगितलं: अंगात रक्त तयार होत नाही. ह्याला औषध आहे. बकऱ्याच्या काळजाचा अर्क निघतो, त्याची सुई घ्यायची. नाहीतर काळीज शिजवून खायचं. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसेल, उठून शेतावर जातील. नाही घेतलं तर — त्यांनी हात हलवला.

आबा हटवादी नव्हते, हे मला सांगायलाच हवं. लोक अजून गावात म्हणतात, आबांनी नेमापायी प्राण दिला, नेम म्हणजे नेम. मी दारातून पाहत होते. ह्यांनी वडिलांचे पाय धरले होते. एवढा मोठा माणूस, मिशा आलेला, लेकरासारखा रडत होता. आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा हलला. त्यांना जगायचं होतं हो. पोराकडे बघून जगायचं होतं. डॉक्टर म्हणाले, देहाला देहातलंच काहीतरी लागतं कधी कधी, त्यात पाप कसलं? आबांनी पेटीकडे पाहिलं आणि तिथून माझ्याकडे.

"पोरी," म्हणाले, "समोर ये."

मासे मध्ये न घालता. सरळ मला. मी पदर ओढून पुढे आले.

"ह्या मासा निस्ता पीठवर जगनात ना? तूच खावाले देस, तूच देखेल शे. तू हो म्हनशी तं माले सुई नको. नही म्हनशी तं मी डॉक्टरनं ऐकसू."

बघा. झालं होतं सगळं. त्यांनी निवाडा माझ्या हातात दिला होता. एक "नाही" म्हणायचं होतं मला. मी "नाही आबा, मी त्यांना जीव घातले" एवढं म्हणाले असते तर त्यांनी सुई घेतली असती. शब्दाचा पक्का माणूस.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं? आबांचा नेम मोडेल, त्यांचा परलोक बिघडेल, असं काही उदात्त? मी वर्षानुवर्षं स्वतःला हेच सांगत आले. नव्हतं. माझ्या मनात रिकामा तांब्या होता. आता आबांना कळणार, रोज दोनदा मी त्यांना फसवलं. डॉक्टरांसमोर, ह्यांच्यासमोर कळणार. आबा माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, तशी नजर मला पुन्हा दिसणार नाही. मला माझी पत सांभाळायची होती.

मी म्हटलं, "हो आबा. पीठच."

ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघत होते. आबा हसले, हात जोडून डॉक्टरांना म्हणाले, तुम्ही एवढे लांब आलात, जेवल्याशिवाय जायचं नाही. मी आत जाऊन भाकऱ्या थापल्या. चांगल्या फुगल्या, तेही आठवतंय.

आबा दोन महिने होते त्यानंतर. आणि ऐका — ते दोन महिने माझ्या सासरच्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे गेले. एकदा सरळ बोलले म्हटल्यावर आबांनी रीत सोडूनच दिली. "पोरी, बस इथे." मी त्यांच्या उशाशी बसायची, मऊ भात भरवायची, आणि ते बोलायचे. सासूबाई कशा होत्या, पहिल्या रात्री रुसून कशा धान्याच्या कोठीमागे जाऊन बसल्या. तापीला पूर आला तेव्हा बैल कसे वाचवले. हे लहानपणी किती भित्रे होते. मला चिडवायचे, "तुन्ही पुस्तकवाली भाषा," म्हणायचे, आणि माझ्यासारखं बोलून दाखवायचे. इतकं वाईट बोलायचे की मला हसू आवरायचं नाही. बाप जिवंत असून मला पुन्हा बाप मिळाला होता.

त्यांतल्या कुठल्याही दिवशी मी सांगू शकले असते. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं, दुसऱ्या आठवड्यात सांगितलं असतं, तरी वेळ गेली नव्हती. डॉक्टर शहाद्यालाच होते. रोज सकाळी मी ठरवायची, आज. आणि आबा म्हणायचे, "पोरी, बस इथे." मग मला वाटायचं, आजचा दिवस गोड जाऊ दे. उद्या. त्यांचा हात माझ्या हातात हलका हलका होत गेला, मला कळत होतं, आणि मी उद्या म्हणत राहिले. ती माया मला सोडवेना. तिच्यासाठी मी आबांना मरू दिलं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा उच्चारलं, आणि मागे घेणार नाही.

आबा गेले. पेटी मी ह्यांच्या मागे लागून सुरतेला परत धाडली. ह्यांनी पेढीवरची नोकरी सोडली आणि शेतीवर आले. आत्याही पुढे गेली. आम्हांला मुली झाल्या, त्यांची लग्नं झाली. चांगला संसार झाला आमचा, तक्रारीला जागा नाही. हे स्वभावाने शांत. पण आबांच्या श्राद्धाला पान वाढलं की ह्यांचा घास अडायचा. म्हणायचे, मी त्या दिवशी कमी पडलो. अजून जोर लावायला हवा होता. माझ्या शब्दाला वजन असतं तर आबांनी ऐकलं असतं. दरवर्षी. मी ताक पुढे करायची, म्हणायची, जेवा, आबांना आवडणार नाही तुम्ही असं केलेलं. सदतीस श्राद्धं झाली अशी. मी नवऱ्याला सदतीस वर्षं स्वतःला दोष देऊ दिला, आणि वर ताक वाढलं.

शेवटच्या श्राद्धाला, म्हणजे हे गेले त्याच वर्षी, हातावर पाणी घेता घेता थांबले आणि माझ्याकडे बघून हसले. फार प्रेमाने हसले. म्हणाले, "एक सांगू? इतकी वर्षं मनात आहे. आबांनी तुला विचारलं ना माशांचं, तेव्हा मी मनात म्हणत होतो, ही एवढं एक खोटं बोलली तर बरं. मासे किडे खातात म्हणाली तर आबा वाचतील. पण तुझ्याच्याने ते होणार नव्हतं. राग नाही हं माझा. खोटं बोलणाऱ्या बाईबरोबर मला संसार करता आला नसता."

मी त्यांच्या हातावर पाणी घातलं. ते जेवले.